टिपू सुलतान आणि लोखंडी बाण

दिवाळीत आपल्या खराडीच्या गल्ल्यांतून मुले जो बाण उडवितात, त्याला इंग्रजीत रॉकेट म्हणतात. अठराव्या शतकातील लढायांच्या मराठी वर्णनांतही बाण या शब्दाचा अर्थ पुष्कळदा हाच असतो. मोगलांच्या फौजेत बाण होते, मराठ्यांच्या व निजामाच्या फौजेतही होते. मग जगाच्या रॉकेट-इतिहासात नाव राहिले ते म्हैसूरचे आणि टिपू सुलतान यांचे, असे का? याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते. राज्यकर्ता म्हणून त्यांच्याविषयी मतभेद आहेत. पुण्याच्या पेशव्यांशी त्यांची युद्धे झाली, कुर्ग व मलबारातील त्यांच्या मोहिमांवर आजही वाद होतो. तो विषय मोठा आहे आणि येथे आपण त्यात शिरणार नाही. येथे पाहावयाचे ते त्यांचे कारखाने.

टिपू सुलतान यांचा जन्म १७५० च्या सुमारास बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी येथे झाला. अर्काटचे अवलिया टिपू मस्तान यांच्यावरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. बाणाची विद्या घरातच होती. आजोबा फत्ते महंमद यांनी अर्काटच्या नवाबाच्या फौजेत बाणदारांची तुकडी सांभाळली होती. वडील हैदर अली यांनी ती परंपरा म्हैसुरात वाढविली. मुलाला फारसी, अरबी, कन्नड शिकविण्यास उस्ताद ठेवले, तशीच लष्करी शिक्षणाची सोय फ्रेंच अधिकाऱ्यांकडून केली. पहिल्या म्हैसूर युद्धात (१७६७ ते १७६९) ते वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास स्वतः तुकडी घेऊन लढले.

१० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे कर्नल बेली यांच्या इंग्रज फौजेचा धुव्वा उडाला. लढाई ऐन रंगात असता दारूगोळ्याच्या गाड्यांनी पेट घेतला, आणि तो बाणांमुळेच घेतला असे पुष्कळांचे मत आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेच्या भिंतीवर या लढाईचे मोठे चित्र आहे. सहलीला गेलेल्यांनी ते घाईने पाहू नये.

आता मुख्य गोष्ट. जुन्या बाणाची नळी कागदाची वा बांबूची असे. दारू फार ठासली की ती फुटे. म्हैसूरच्या कारागिरांनी ठोकलेल्या मऊ लोखंडाची नळी केली. आत दाब जास्त टिकू लागला, जोर वाढला, आणि पल्ला हजार यार्डांच्या पुढे, काही बाणांचा दोन किलोमीटरपर्यंत गेला. पण जोर वाढविणे हे अर्धेच काम. जोर वाढलेला बाण सरळ गेला नाही तर तो आपल्याच माणसांवर उलटतो.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. हवेतील वस्तू आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि हवेचा आडवा दाब जणू एका बिंदूवर पडतो; त्यास दाबकेंद्र म्हणू. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर वाकडा झालेला बाण हवाच सरळ करते. पुढे असेल तर तो कोलांट्या खातो. लांब हलका बांबू दाबकेंद्र मागे नेतो आणि जड नळी गुरुत्वमध्य पुढे ठेवते, म्हणून बाणाला शेपूट असते. श्रीरंगपट्टणहून इंग्लंडातील वूलिच येथे गेलेल्या दोन बाणांची मापे नोंदलेली आहेत. एकाची नळी ३७ मिलिमीटर जाडीची, १९८ लांबीची, आणि तिला चामड्याच्या पट्ट्यांनी १.९ मीटरचा बांबू बांधलेला. दुसऱ्याची नळी ५८ जाडीची, २५४ लांबीची, आणि बांबूऐवजी १.०२ मीटरचे तलवारीचे पाते. पाते बांबूपेक्षा जड, म्हणून पुढची नळीही मोठी घ्यावी लागली असावी, असा मी याचा अर्थ लावतो. एक भाग बदलला की दुसऱ्याचा हिशेब पुन्हा करावाच लागतो.

हल्ली नमुना-रॉकेटचे तयार संच मिळतात, आणि मुलांना त्यात फेरफार करण्याची फार हौस. कोणी मोठी मोटर बसवितो, कोणी देखणे दिसावे म्हणून मागचे पंख लहान करतो. दोन्हींनी तोल बिघडतो. संचात मोटर मागे असते, तेव्हा सुटण्याच्या क्षणीच गुरुत्वमध्य सर्वांत मागे असतो. शेपटीच्या बाणात उलट, दारू जळत जाते तसा तो मागे सरकतो. म्हणून संचाची परीक्षा भरलेली मोटर बसवूनच घ्यावी, मात्र पेटविण्याची वात न लावता. रॉकेट बोटावर तोलून गुरुत्वमध्यावर खूण करावी. मग त्याची आकृती पुठ्ठ्यावर कापून तीही तोलावी. तो बिंदू दाबकेंद्राचा सावध अंदाज देतो. दोहोंत निदान नळीच्या जाडीइतके अंतर हवे. त्यानंतर गुरुत्वमध्याशी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. टोक पुढे ठेवून फिरले तर ठीक, नाही तर टोकात चिकणमाती भरावी किंवा पंख मोठे करावेत. पंख अति मोठे केले तर रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळविते, हेही ध्यानात असू द्यावे. ही सर्व परीक्षा अंगणात होते. उडविणे मात्र खराडीत नको. घरे दाट आहेत आणि लोहगावचा विमानतळ शेजारीच आहे. पालकांनी या बाबतीत ढिले राहू नये.

१७८२ च्या डिसेंबरात हैदर अली वारले आणि राज्य टिपूंकडे आले. बाराशे बाणदारांचे दल त्यांच्या काळात पाच हजारांपर्यंत गेले, असे सांगतात. फौजेच्या प्रत्येक कशूनमध्ये म्हणजे ब्रिगेडमध्ये दोनशे बाणदार ठेवून त्यांनी नियम लिहवून घेतले. नळीची जाडी आणि निशाणाचे अंतर पाहून बाण किती कलता ठेवावा, हे बाणदारास शिकविले जाई. श्रीरंगपट्टण, बंगळूर, चित्रदुर्ग, बिदनूर येथे कारखाने होते. त्या पेठांना तारामंडलपेठ म्हणत.

एप्रिल १७९९ मध्ये सुलतानपेठेच्या राईत रात्री बाणांच्या माऱ्याने कर्नल वेलस्ली यांना माघार घ्यावी लागली. हेच पुढे वेलिंग्टनचे ड्यूक झाले. २ मे रोजी किल्ल्यातील बाणांचा साठा तोफेच्या गोळ्याने उडाला, आणि ४ मे रोजी टिपू सुलतान तटाजवळ लढता लढता मारले गेले. किल्ल्यात सातशे तयार बाण आणि नऊ हजार रिकाम्या नळ्या मिळाल्या.

विल्यम काँग्रीव्ह यांनी वूलिचला अभ्यास करून आपली रॉकेटे बनविली. ती १८०६ मध्ये बूलोनवर व १८०७ मध्ये कोपनहेगनवर डागली गेली. १८१५ मध्ये त्यांनी काठी बाजूची काढून मधोमध बसविली. १८४४ मध्ये विल्यम हेल यांनी काठीच काढून टाकली आणि बाणाला स्वतःभोवती फिरवून स्थिर केले. मापे लिहून, छापून पुढे नेण्याची सोय त्यांच्याकडे होती. आपल्या तारामंडलपेठांतील कारागिरांची विद्या त्यांच्या हातांबरोबरच गेली, ही खंत वाटते. अब्दुल कलाम १९६३ मध्ये अमेरिकेच्या वॉलप्स केंद्रात गेले, तेव्हा तेथील दालनात म्हैसूरच्या बाणांच्या लढाईचे चित्र त्यांना दिसले.

२०१८ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील नगर या गावी, म्हणजे जुन्या बिदनूरला, एका कोरड्या विहिरीच्या गाळात हजारांहून अधिक लोखंडी नळ्या सापडल्या. लोखंड गंजूनही टिकले. बांबू मातीत टिकत नाही, तेव्हा त्या नळ्यांना किती लांब शेपूट बांधावयाचे होते, हे समजण्यास वूलिचच्या त्या दोन बाणांचीच मापे हाताशी आहेत.