निवडीचे गणित मांडणारे हाल्डेन

संगणकात अनेक डावपेच परस्परांशी लढवायचे, विजयी ठरणाऱ्यांची संतती वाढवायची, तिच्यात किंचित फेरफार करायचे आणि पुन्हा लढत लावायची, या रीतीने अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८७ साली ‘कैद्यांचा पेच’ या खेळाचे डावपेच घडविले. पुढे डेव्हिड फोगेल यांच्या संगणकाने चेकर्सचा खेळही असाच आत्मसात केला. या रीतीला आधारभूत असलेल्या नैसर्गिक निवडीला गणिताचे रूप देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एक, जे. बी. एस. हाल्डेन, काही वर्षे कोलकात्याचे रहिवासी होते.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या हाल्डेन यांनी १९२४ पासून दहा वर्षे निवडीच्या गणितावर लेखमाला लिहिली. मँचेस्टरच्या धुरकट परिसरात काळे पतंग ज्या वेगाने वाढले, त्यावरून त्यांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट असली पाहिजे, असे त्यांनी केवळ आकडेमोडीने दाखविले. प्रत्यक्ष पडताळा मिळण्यास पुढे तीन दशके लागली. लंडनमधील त्यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ हे मूळचे विमान अभियंते. त्यांनी जॉर्ज प्राइस यांच्यासह १९७३ साली प्राण्यांच्या झुंजींना खेळाचे गणित लावले आणि वेगवेगळे डावपेच संगणकावर झुंजविले.

सुएझ प्रकरणातील ब्रिटनच्या धोरणाचा निषेध म्हणून १९५७ साली हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. भारतातील पहिला अंकीय संगणक याच संस्थेत वर्षभरापूर्वी बसविण्यात आला होता. हाल्डेन मात्र तरुण सहकाऱ्यांना फुलांच्या पाकळ्या, नारळाची झाडे आणि टिटवीची अंडी मोजावयास पाठवीत. गरीब देशातही अव्वल संशोधन होऊ शकते, हा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी खरा करून दाखविला असेच म्हणावे लागेल. सुरेश जयकर यांच्यासह १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, निवडीची दिशा पिढीगणिक बदलत राहिल्यास दोन्ही प्रकार टिकून राहू शकतात, असे त्यांनी सिद्ध केले. प्रतिस्पर्धी सतत बदलत असेल, तर एकच डावपेच कायमचा श्रेष्ठ का ठरत नाही, हे समजण्यास हा विचार आजही उपयोगी पडतो.

मतभेदांमुळे १९६१ साली त्यांनी संस्था सोडली. भारताचे नागरिकत्व त्यांनी स्वीकारले होते. १९६२ साली ते भुवनेश्वरला गेले आणि तेथे ओरिसा सरकारच्या साहाय्याने त्यांनी आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली. १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.