जॉर्ज सायमन ओहम : नियम शोधणारे एक शाळामास्तर

जन्म : १६ मार्च १७८९, एर्लांगेन (जर्मनी)
मृत्यू : ६ जुलै १८५४, म्युनिक



नववीच्या धाराविद्युत पाठातला ओहमचा नियम आपण एका तासिकेत शिकवून मोकळे होतो. पण आमच्या मुरबाडमध्ये विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत एक विद्यार्थी अडला आणि मला ओहम यांचं चरित्र पुन्हा उघडावं लागलं. त्याने जास्त करंट देणारा डीसी पॉवर सप्लाय बनवायला घेतला होता. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, कपॅसिटर, सगळं जोडून झालं होतं. नुसता मीटर लावला की सोळा व्होल्ट दिसायचे. तीन अँपिअर घेणारी मोटार जोडली की थेट अकरा. मी घाईत सांगून टाकलं, तुझी जोडणी चुकली आहे. पोराने सामान पिशवीत भरलं आणि नाव काढून घेतो म्हणाला.

चूक माझी होती. कशी, ते ओहम यांच्या आयुष्यात बघा.

बालपण आणि शिक्षण

ओहम यांचे वडील कुलपं बनवणारे कारागीर. फारसं शालेय शिक्षण नाही, पण स्वतः वाचून गणित शिकलेले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनीच जॉर्ज आणि मार्टिन या दोघा मुलांना घरी गणित व विज्ञान शिकवलं. पुढे मार्टिनही गणितज्ञ झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला, पण नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच रमला. वडील संतापले. शिक्षण सुटलं आणि तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवू लागला. पण अभ्यास सोडला नाही. १८११ मध्ये त्याने एर्लांगेनहूनच डॉक्टरेट मिळवली.

शाळेतली प्रयोगशाळा

१८१७ मध्ये ओहम कोलोन शहरातल्या शाळेत शिक्षक झाले. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून उरलेल्या वेळात ते स्वतःच्या हाताने उपकरणं तयार करून प्रयोग करत. तारेची लांबी वाढवली तर करंट किती कमी होतो, हा त्यांचा प्रश्न.

अडचण अशी की, त्या वेळचे विद्युतघट स्थिर नव्हते. परिपथ जोडला की करंट उसळायचा आणि मग घसरत जायचा. अशा मापांवरून त्यांनी १८२५ मध्ये एक सूत्र छापलं. ते चुकीचं निघालं.

तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञांनी त्यांना घटाऐवजी उष्णतेवर चालणारी जोडी वापरायला सुचवलं. ओहम यांनी बिस्मथची पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना तांबं जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून विजेचा दाबही हलत नाही. मग आठ वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून करंट मोजला.

१८२६ मध्ये त्यांनी बरोबर सूत्र मांडलं. त्यात भागाकाराखाली दोन गोष्टी होत्या : बाहेरच्या तारेचा रोध आणि उरलेल्या परिपथाचा, म्हणजे खुद्द पुरवठ्याच्या आतला रोध.

उपेक्षा आणि मान

१८२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पण जर्मनीत त्याचं थंड स्वागत झालं. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवण्याचं काम करून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला नोकरी मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन वर्षं आधी. आज रोधाचं एकक त्यांच्याच नावाने आहे.

पुन्हा मुरबाडला

आता आमच्या विद्यार्थ्याचे पाच व्होल्ट कुठे गेले, ते ध्यानात आलं असेल. जोडणी बरोबरच होती. ट्रान्सफॉर्मर लहान, त्याची तार बारीक, म्हणून आतला रोध जास्त. करंट वाढला की दाब आतच खर्च व्हायचा. आम्ही पंधरा व्होल्ट, पाच अँपिअरचा, जाड तारेचा ट्रान्सफॉर्मर आणला. दाब बारा व्होल्टवर धरून ठेवायला ७८१२ आयसी लावली. ती एकटी साधारण एक अँपिअरच पेलते, म्हणून जास्तीचा करंट वाहायला जोडीला पॉवर ट्रान्झिस्टर, आणि तो तापतो म्हणून मोठा हीटसिंक. २३० व्होल्टची बाजू मात्र मी स्वतः जोडली. तिथे मुलांना हात लावू देऊ नका.

मोटार फिरली, मीटर बारावरच राहिला. मी वर्गासमोर त्याला सांगितलं की चूक माझी होती. त्याने नाव काढलं नाही.

हा पाठ शिकवताना तुम्हीही मुलांना दोन मापं घ्यायला लावा : एक नुसत्या सप्लायचं, एक मोटार जोडून. फरक दिसला की कारण सांगायची घाई करू नका. आधी त्यांना शोधू द्या.