जन्माचे सार्थक : कर्मवीर भाऊराव पाटील

मनुष्यजन्म दुर्लभ आहे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु लाभलेल्या या जन्माचे करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला स्वतःच शोधावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांना ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गवसले.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पण अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे १९१४ मध्ये पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण असत्य उच्चारले नाही. मनात वैर न ठेवता सत्यव्रत पाळणे ते हेच.

मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव फिरले. या भ्रमंतीत शेतकऱ्यांच्या दारिद्र्यामागचे अज्ञान त्यांना जवळून दिसले. त्यातूनच १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. परंतु या गौरवाआड एका माउलीचा मूक त्याग होता. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले. एके दिवशी धान्य संपले तेव्हा मंगळसूत्रही दिले. पुढचा वटवृक्ष पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संकल्प एकाने करावा आणि त्याचे मोल घरातील दुसऱ्याने चुकवावे, असे अनेक थोरांच्या घरी घडते. म्हणून कर्मवीरांना वंदन करताना लक्ष्मीबाईंचे स्मरण आधी व्हावयास हवे.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्माननीय डी. लिट. पदवी दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

ज्या बोर्डिंगने त्यांना दूर केले, तेथेच राहून शिकण्याची संधी त्यांना मिळाली होती. कटुता मागे ठेवून त्यांनी ती संधी हजारोंना दिली. दान, त्याग आणि अपरिग्रह हे शब्द आपल्या नित्य पाठात आहेत. भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांनी ते स्वयंपाकघरात व शाळेत उतरवले. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपण आपल्या घरापुरता एक तरी असा संकल्प केला, तर तीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.