खुराक, कसरत आणि राजर्षींचे शरीर

मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉज या वास्तूत ६ मे १९२२ रोजी राजर्षी शाहू छत्रपतींचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस सात आठवड्यांवर आला होता. कोल्हापूरचा पन्हाळा गड दूर राहिला आणि त्याचेच नाव लावलेल्या घरात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. माणगावच्या परिषदेला जेमतेम दोन वर्षे झाली होती. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची सुरुवात होऊन पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. राधानगरीचे धरण अपुरे होते. सत्तेचाळीस हे वय राजाच्या कारकिर्दीत मध्यान्हीचे असते. महाराजांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शरीराची कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही. आजच्या वाचकाला तीही उपयोगी पडणारी आहे.

तालमीतला राजा

यशवंतराव घाटगे यांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घराण्यातला. तिसऱ्या वर्षी आई राधाबाई गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. पुढचे शिक्षण राजकोटला आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

अंगकाठी उंचीपुरी आणि भक्कम होती. कुस्तीचा नाद लहानपणापासूनचा. घोडदौड, शिकार, चित्त्यांकडून करवलेली काळविटांची शिकार, बेफाम घोडे जुंपून स्वतः हाकलेला खडखडा, हे सगळे त्यांच्या दिनक्रमाचा भाग होते. गादीवर आल्यावर त्यांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्यातून कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली. गावोगावच्या तालमींना मदत मिळाली, पंजाबपर्यंतचे मल्ल इकडे आले, त्यांच्या खुराकाची सोय दरबारातून झाली. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. तिथे आजही लाल मातीत कुस्त्या होतात.

कोल्हापूरकराला खुराक हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हशीचे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. आजच्या भाषेत याचा हिशेब मांडून बघू. एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे एक हजार कॅलरी असतात. पन्नास ग्रॅम तुपात साडेचारशे आणि पन्नास ग्रॅम बदामात तीनशे. हे झाले साडेसतराशे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसभरात लागतात साधारण १,६६० कॅलरी. म्हणजे भाकरी, भात, मटण ताटात यायच्या आधीच तिच्या दिवसाचा कोटा संपला. पहाटेपासून जोर-बैठका मारणाऱ्या, आखाडा खणणाऱ्या आणि दोन वेळा लढत करणाऱ्या पैलवानाला मात्र हे पचते, कारण तो ते खर्च करतो.

अडचण येते ती पैलवान मैदानातून उतरल्यावर. कसरत थांबते, पण भूक आणि जिभेची सवय थांबत नाही. घरातली माणसे प्रेमाने तेच वाढत राहतात. पाच-सात वर्षांत पोट सुटते, गुडघे बोलू लागतात. तालमीत घडलेली कितीतरी शरीरे या वाटेने गेलेली कोल्हापूर परिसराने पाहिली आहेत.

अंबारखाना

पन्हाळ्यावर गेलेल्या प्रत्येकाने अंबारखाना पाहिलेला असतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन प्रचंड कोठारे. वेढा पडला, वाटा बंद झाल्या, की गडावरची माणसे या साठ्यावर तगून राहायची. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा या गडाने महिनोन्महिने सोसला.

शरीरातली चरबी हेच काम करते. मिळाले तेव्हा साठवायचे आणि उपासमारीच्या दिवसांत वापरायचे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी मावतात. हजारो वर्षे दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या शरीराला ही युक्ती चांगलीच साधली आहे. भारतीयांच्या बाबतीत त्यात आणखी एक भर आहे. तेवढ्याच उंची-वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी बहुधा पोटाभोवती साठते.

महाराजांनी दुष्काळ जवळून पाहिला होता. राज्य हाती येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकाने, दुष्काळी कामे, कामावरच्या बायांच्या मुलांसाठी सांभाळघरे, प्लेगच्या छावण्या, लसीकरण, हे सगळे त्यांनी फिरून, डोळ्यांनी पाहून उभे केले. प्रजेच्या पोटात किती धान्य जाते याची काळजी वाहणारा हा राजा होता.

वेढा उठला तरी कोठार भरतच राहिले तर काय होते, हा आपल्या काळाचा प्रश्न आहे. महाराजांच्या तरुणपणाचे छायाचित्र आणि उत्तरायुष्यातले छायाचित्र शेजारी ठेवले, की हा प्रश्न समोर उभा राहतो. देह विलक्षण स्थूल झालेला दिसतो. राज्यकारभाराचा पसारा वाढत गेला होता. अर्जदारांची गर्दी, दौरे, पत्रव्यवहार, वेदोक्त प्रकरणापासून चालत आलेले वैर, वसतिगृहे, गिरणी, बाजारपेठ. माणूस दिवसभर राबत असतो, रात्री थकून जातो, तरी त्या राबण्यात स्नायूंचे काम थोडेच असते. डोक्याच्या शिणाने चरबी झडत नाही.

१९१८

त्या वर्षी धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. हा घाव महाराजांच्या मनावर खोल बसला. शोक, अपुरी झोप आणि सततचा ताण यांचा भुकेशी आणि वजनाशी संबंध असतो, हे आज वैद्यकशास्त्र जाणते. झोप कमी झाली की भूक वाढवणारी रसायने जोर धरतात आणि गोड, तेलकट खाण्याकडे मन ओढले जाते. दुःखात कुणाचे जेवण तुटते, तर कुणाचे वाढते.

याच १९१८ साली अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंचे आहारावरचे पुस्तक निघाले. अन्न पावशेर, छटाक असे न मोजता कॅलरीत मोजा, असे सामान्य माणसाला सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्याआधी अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली होती. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थात चार, प्रथिनांत चार आणि स्निग्धात नऊ कॅलरी, हे आजही वापरले जाणारे गणित त्याच्या कामातून आले. आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती म्हणजे एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता.

म्हणजे महाराजांच्या हयातीत हे शास्त्र जगात आले होते, पण अजून प्रयोगशाळेबाहेर नुकते पडत होते. टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले ११ जानेवारी १९२२ रोजी, महाराजांच्या निधनाच्या चार महिने आधी. रक्तदाब कमी करणाऱ्या भरवशाच्या गोळ्या त्या काळी नव्हत्या. हृदयाची अडलेली रोहिणी मोकळी करणे कुणाच्या कल्पनेतही नव्हते. त्या पिढीच्या डॉक्टरांच्या हाती पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे थोडेच होते. शिवाय अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, ही समजूत राजवाड्यापासून झोपडीपर्यंत होती.

हृदयविकार एका कारणाने होत नाही. वंश, ताण, रक्तदाब, साखर, तंबाखू, वजन, सगळ्यांचा त्यात हात असतो. म्हणून महाराज वजनामुळेच गेले असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. अतिस्थूल देहात हृदयाला रोजच जादा काम पडते, एवढे मात्र निश्चित आहे.

चहाचा कप

पन्हाळ्याच्या परिसरात महाराजांनी चहाच्या लागवडीचा प्रयोग केला होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा तिथे जाऊन त्यांनी सर्वांदेखत चहा घेतला. अस्पृश्याच्या हातचा तो कप म्हणजे सामाजिक क्रांती होती.

आज तोच कप घरोघरी दिवसातून चार-पाच वेळा येतो. म्हशीच्या दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप म्हणजे ऐंशी ते शंभर कॅलरी. गरजेपेक्षा असे दोन कप जास्त झाले तर रोज दोनशे कॅलरी शिल्लक पडतात. वर्षाला ७३,००० झाल्या. कागदावर ती नऊ किलोंहून अधिक चरबी होते. प्रत्यक्षात एवढी वाढत नाही, कारण शरीर जड झाले की त्याचा खर्चही वाढतो. तरी काही किलो नक्की वाढतात, आणि वाढताना कळत नाहीत.

वजन उतरवायचे गणितही याच वाटेने उलटे जाते. रोजच्या खाण्यातून सुमारे पाचशे कॅलरी कमी केल्या तर पहिल्या काही महिन्यांत आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते. बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २,१०० च्या आसपास असते. त्याने सोळाशेवर यावे, आठशेवर नाही. फार कमी खाल्ले की चरबीबरोबर स्नायूही झडतात, थकवा येतो, आणि महिन्याभराने माणूस कंटाळून पूर्वीपेक्षा जास्त खाऊ लागतो. काही आठवड्यांनी काटा अडला तर घाबरू नये. हलक्या झालेल्या शरीराची गरज कमी झालेली असते. हिशेब तेवढा नव्याने मांडायचा.

पन्हाळ्यावर रविवारी दिसणारे दृश्य या दृष्टीने बोलके आहे. गाडी थेट वर जाते. तीन दरवाजापाशी, सज्जाकोठीपाशी थोडे फिरणे होते, मग कांदाभजी, पिठलं-भाकरी, ठेचा, दही. भाकरी-पिठलं हे चांगले जेवण आहे. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. भज्यांच्या एका प्लेटमध्ये मात्र तीनशेच्या आसपास कॅलरी सहज असतात, आणि तेवढ्या खर्चायला सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला तासभर भरभर चालावे लागते. नुसत्या व्यायामावर वजन उतरत नाही ते यामुळे. व्यायाम हवाच, कारण तो हृदय आणि स्नायू राखतो. वजनाचा निकाल मुख्यतः ताटात लागतो.

ताटातला बदल फार अवघड नाही. फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालावे. एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. तीन भाकऱ्यांच्या दोन कराव्यात, त्या जागी पालेभाजी, काकडी, कांदा, मुळा वाढवावा. डाळ, उसळ, ताक, अंडे यांतले काही प्रत्येक जेवणात असावे म्हणजे पोट लवकर भरते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत आठवड्यातून एकदा ठेवावा आणि वरचा तवंग बाजूला सारावा. चहातली साखर निम्मी करावी. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करून वहीत लिहावे.

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी हा हिशेब स्वतःच्या मनाने करू नये. औषधाची मात्रा तशीच ठेवून जेवण कमी केले तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. महाराजांच्या काळी जे राजालाही मिळाले नाही, ते निदान आणि ते औषध आज केसपेपर काढणाऱ्या कुणालाही मिळते.