पंडिता रमाबाई : नेमाची उपासना

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की विद्वत्ता, स्त्रीशिक्षण आणि धर्मांतर या तीन गोष्टी हटकून आठवतात. त्यांचा रोजचा नेम ही चौथी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. चंडीगडला घर केलेल्या आम्हांस ती सांगावीशी वाटते. कारण जुन्या पंजाबशी त्यांचाही संबंध आला होता.

23 एप्रिल 1858 रोजी गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळाने आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी हिंडत उत्तरेस आली. झेलमच्या काठी, अंगावर पुरेसे वस्त्र नसताना, वाळूत खड्डे करून व वरून वाळू ओढून त्यांनी कडाक्याच्या रात्री काढल्या. व्रते, तीर्थे, पारायणे सारे घडले होते. परंतु त्यांच्या मनास शांती लाभली नव्हती.

1878 मध्ये कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. 1880 मध्ये विवाह आणि 1882 मध्ये वैधव्य आले. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात, वाँटेज येथे, त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्र दुखावला. मात्र एवढ्याने आपली साधना पूर्ण झाली असे त्यांनी मानले नाही. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त लाभावयास आणखी काही वर्षे लागली, असे पुढे त्यांनीच प्रांजळपणे नमूद केले.

1889 मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले. ते पुण्यास आल्यावर धर्माच्या वादामुळे अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आणल्या. तेथील मुक्ति सदनात प्रार्थनेला वेळ ठरलेली होती, तशीच शेतीला, विणकामाला, तेलाच्या घाण्याला आणि छापखान्यालाही होती. 1905 च्या आरंभी त्यांनी पहाटेच्या विशेष प्रार्थनेस बोलाविले, तेव्हा सत्तर जणी रोज जमू लागल्या.

त्यांचा सर्वांत दीर्घ नेम म्हणजे बायबलचे भाषांतर. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. मोठमोठ्या सभा गाजविलेल्या संस्कृत पंडितेने हे करावे, यातील त्याग आम्हांस मोठा वाटतो. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या. 1924 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आमचा धर्म कोणताही असो, बदलीच्या गावी सवड मिळाली की करू म्हणून देवपूजा, वाचन, मुलांची मराठी हे सारे आम्ही पुढे ढकलतो. ती सवड सहसा येत नाही. दोन हजारांच्या आसपास माणसांचा संसार सांभाळणाऱ्या रमाबाईंनाही ती नव्हती; त्यांनी वेळ ठरविली आणि अखेरपर्यंत पाळली.