मिरजेचे डॉक्टर वानलेस आणि सहा महिन्यांचा धीर

मिरज म्हटले की जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक तेथील सतार-तंबोरे आणि दुसरे मिशनचे इस्पितळ. आमचा बालाघाट मिरजेपासून फार दूर, वैनगंगेच्या काठी. तरीही ज्या माणसाने ते इस्पितळ उभारले, त्याचे चरित्र आपल्या मंडळ्यांनी पुन्हा एकदा वाचावे असे मला वाटते. त्याला कारण क्षयरोग. हा रोग आपल्या गावांतून अजून गेलेला नाही, आणि त्याच्याशी कसे वागावे हे आपण ख्रिस्ती लोकही पुरते शिकलेलो नाही.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात आनंदीबाई जोशी जन्मल्या. आनंदीबाई सातासमुद्रापलीकडे फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने वारल्या. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. जी स्वतः वैद्य होती तिलाही वाचवील असे औषध त्या काळी जगात कोणापाशी नव्हते. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून दाखविले होते. शत्रू दिसला होता, पण त्याला मारणारे शस्त्र हाती नव्हते.

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, तरुण वानलेस न्यूयॉर्क येथे वैद्यकीची पदवी घेऊन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. बरोबर त्यांची पत्नी मेरी होती. आरंभी सांगलीस त्यांनी लहानसा दवाखाना घातला. परकी माणूस, परकी भाषा, परका धर्म. पण दुखणे सर्वांचे सारखेच असते. हळूहळू लोक येऊ लागले. पुढे त्यांनी मिरज हे कार्यक्षेत्र निवडले. मिरजेस आगगाडीचे जंक्शन, त्यामुळे लांबलांबचे रोगी तेथे पोहोचू शकत. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या उदार गृहस्थांनी पैसा दिला, आणि १८९४ मध्ये इस्पितळ सुरू झाले.

वानलेस हे मुख्यतः शस्त्रवैद्य. मोतीबिंदू काढण्यात त्यांचा हात विशेष चांगला. आंधळा म्हणून दुसऱ्याच्या काठीला धरून आलेला मनुष्य आपल्या पायांनी वाट पाहत घरी जाई, आणि त्याच्या गावातून पुढच्या महिन्यात आणखी चारजण येत. डॉक्टरांची कीर्ती अशी रोग्यांच्या तोंडून पसरली.

परंतु एका माणसाचे दोन हात किती पुरणार, हे त्यांनी लवकर ओळखले. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगाने थैमान मांडले होते, पाठोपाठ दुष्काळ होता. अशा दिवसांत, १८९७ मध्ये, त्यांनी मिरजेस वैद्यकीय शाळा काढली. आपल्याच लोकांतील तरुण तेथे शिकले आणि ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांतून कामाला लागले. महारोग्यांसाठीही मिरजेस सोय झाली. मेरीबाई निवर्तल्यावर पुढे डॉक्टरांचा दुसरा विवाह लिलियन हॅवन्स यांच्याशी झाला. मेरीबाईंच्या नावाचे इस्पितळ कोल्हापुरास उभे राहिले.

आता या चरित्रातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. मोतीबिंदूचे काम घटकाभरात होते. क्षयाचे तसे नाही. या रोगात सुरी चालवून रोग्याला त्याच दिवशी उजेड दाखविता येत नाही. तीस वर्षे शस्त्रक्रियेत घालविलेल्या या डॉक्टरांनी १९२० मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिरज-सांगलीच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. ती जागा पुढे त्यांच्याच नावाने वानलेसवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या काळच्या आरोग्यधामांत उपचार काय होता? पूर्ण विश्रांती, रात्रंदिवस मोकळी हवा, दूध-अंडी असा कसदार आहार, आणि थुंकीची नीट विल्हेवाट. रोगी महिनोन् महिने तेथे राहत. शरीराला बळ दिले तर शरीर स्वतः जंतूंना कोंडून ठेवते, ही त्यामागची कल्पना. काही बरे होत, पुष्कळ होतही नसत. ज्या रोग्याला शेजारी दारात उभे करीत नसत, त्याच्या खाटेपाशी कोणीतरी रोज येते, हीच तेथील मोठी गोष्ट होती. झटपट यश देणारे काम हातात असताना वानलेस यांनी वाट पाहण्याचे काम अंगावर घेतले.

१९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना देवाज्ञा झाली. क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर दहा वर्षांनी, १९४३ मध्ये सापडले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

पुढची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे एक मोठी परीक्षा सुरू झाली. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून तर काहींना त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच ठेवून तीच औषधे दिली गेली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की औषध नेमाने पोटात गेले तर घरी राहिलेला रोगीही जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोकाही होत नाही. तेव्हापासून आरोग्यधामांची गरज ओसरली. धीराची गरज मात्र ओसरली नाही. तिचे ठिकाण बदलले. वानलेसवाडीच्या खाटेवरून ती आपल्या घराच्या ओसरीवर आली.

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतात. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, रोग्याला वाटते आपण बरे झालो. खरा धोका येथेच आहे. जे जंतू जोमाने वाढत होते ते मेले, पण थोडेसे झोपी गेल्यासारखे शरीरात दडून असतात. औषध थांबले की ते उठतात, आणि कित्येकदा असे उठतात की पहिले औषध त्यांना लागूच पडत नाही.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक बंधू क्षयाने आजारी होते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करीत असू. दोन महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस आले आणि उपकारस्तुतीच्या भक्तीत त्यांनी उभे राहून प्रभूने आपल्याला बरे केल्याची साक्ष दिली. मी सर्वांपेक्षा मोठ्याने आमेन म्हटले. मी एवढेही विचारले नाही की बाबा, गोळ्या चालू आहेत ना? त्यांनी त्या सोडल्या होत्या. साक्ष दिल्यावर पुन्हा गोळी घेणे त्यांना अविश्वासाचे वाटले. वर्षाच्या आत आजार परत आला, आणि या वेळी उपचार पहिल्यापेक्षा लांब व कठीण झाला. ते वाचले, ही देवाची दया. पण त्यांच्या त्या वर्षातला माझा वाटा मी विसरू शकत नाही.

प्रार्थना आणि औषध यांत भांडण लावणे शास्त्राला धरून नाही. यशयाने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. आणि मिरजेच्या मिशन इस्पितळात प्रार्थना आणि शस्त्रक्रिया ही दोन्ही एकाच छपराखाली चालत.

तेव्हा आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकी तपासून घ्यावी; लाजू नये. आपल्या भागात विडी वळणारे आहेत, ओढणारेही आहेत, खाणीत धूळ खाणारे आहेत. विडी, दारू, दगडाची धूळ, मधुमेह आणि उपाशी पोट, ही पाचही क्षयाला दार उघडून देतात. वानलेस यांचा दूध-अंड्यांचा आग्रहही व्यर्थ नव्हता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासात असे दिसले की रोग्याच्या घरच्यांना पुरेसे अन्न दिल्यावर त्यांच्यात फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. सरकार २०१८ पासून रोग्याला आहारासाठी महिना ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. मंडळीनेही आपला वाटा उचलावा. कोणी डाळ द्यावी, कोणी अंडी द्यावीत, आणि कोणीतरी रोज जाऊन गोळी घेतली का हे विचारावे.

आणखी एक. प्रभुभोजनाच्या वेळी अशा रोग्यापासून लोक दूर सरकतात, हे मी पाहिले आहे. क्षय प्याल्याने किंवा ताटवाटीने पसरत नाही. उपचार न झालेल्या रोग्याच्या खोकल्यातून, बंद जागेतील हवेवाटे तो पसरतो. खिडक्या उघडा, रोग्याला तोंडावर रुमाल धरायला सांगा, औषध चालू ठेवा. पण माणसाला दूर लोटू नका.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना शेवटी एक विनंती. नामान सेनापतीची गोष्ट शिकविताना मुलांना एक प्रश्न विचारा. अलीशाने त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितले होते. सहावी बुडी मारून तो वर आला आणि घरी निघाला असता, तर काय झाले असते? मुले उत्तर बरोबर देतील. मग त्यांना सांगा की घरात कोणी गोळ्या घेत असेल तर त्याची सातवी बुडी होईपर्यंत मोजत राहा.