वर्नर फॉन सीमेन्स : विजेवर ट्राम पळवणारा माणूस

कंडक्टन्सचं एकक ‘सीमेन्स’ हे आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पण ज्याच्या नावावरून ते आलं, त्या वर्नर सीमेन्सकडे कॉलेजात जायला पैसेच नव्हते, हे किती जणांना माहीत आहे?

वर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या लेंथे गावात झाला. वडील खंडाने शेती करायचे आणि मुलं झाली चौदा! फी परवडणं शक्यच नव्हतं. म्हणून तो प्रशियाच्या सैन्यात शिरला, कारण तोफखान्यातल्या मुलांना बर्लिनच्या लष्करी शाळेत गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री शिकायला मिळायचं. १८३९-४० मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आई-वडील दोघंही गेले आणि धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर आला.

पुढे एका द्वंद्वयुद्धात मित्राला साथ दिली म्हणून त्याला कैद झाली. पठ्ठ्याने कोठडीतच लॅब थाटली! विजेच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट त्याला १८४२ मध्ये मिळालं. १८४७ मध्ये हाल्स्के या कारागिराबरोबर त्याने बर्लिनला टेलिग्राफ यंत्रांचा कारखाना काढला. १८६६ मध्ये त्याने दाखवून दिलं, की डायनामोला कायमचे चुंबक लागत नाहीत. लोखंडात शिल्लक राहिलेल्या जराशा चुंबकत्वावरही तो सुरू होतो. इतरांनाही त्याच सुमारास हे सुचलं होतं, पण भरपूर वीज कशी वापरायची याचा ध्यास वर्नरने घेतला.

बर्लिनमध्ये १८६५ पासून ट्राम होती, पण ती ओढायचे घोडे! १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात वर्नरने ३०० मीटरच्या गोल रुळांवर विजेची छोटी गाडी फिरवली. तीन डबे, अठरा माणसं आणि वेग ताशी जेमतेम ७ किलोमीटर. तरीही चार महिन्यांत सुमारे ८६,००० लोक तिच्यात बसले. मग १८८० मध्ये त्याने फ्रीडरिखश्ट्रासे या गजबजलेल्या रस्त्यावरून, खांबांवर चालणाऱ्या विजेच्या रेल्वेची योजना मांडली. रस्त्यावरचे घरमालक खवळले. घरांच्या किमती पडतील, प्रवासी खिडक्यांतून आत डोकावतील! परवानगी मिळाली नाही.

वर्नर गप्प बसला नाही. शहराबाहेर लिश्टरफेल्डे इथे त्याने २.५ किलोमीटरची लाईन टाकली आणि १६ मे १८८१ रोजी विजेची ट्राम लोकांसाठी सुरू झाली. त्यात एक मोठा दोष होता. १८० व्होल्टचा करंट सरळ रुळांतूनच जायचा, त्यामुळे क्रॉसिंगवर घोड्यांना शॉक बसायचे. म्हणूनच पुढे वीज डोक्यावरच्या तारेतून घेऊ लागले. आपल्या मुंबईतही १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेची ट्राम धावली.

१८८८ मध्ये वर्नरला सरदारकी मिळाली आणि नावात ‘फॉन’ आलं. ६ डिसेंबर १८९२ रोजी तो वारला. खांबांवरची रेल्वे बर्लिनमध्ये सुरू झाली १९०२ साली. ती त्याच्याच कंपनीने बांधली, पण बघायला तो नव्हता.

मित्रांनो, आपला प्रोजेक्ट एका रिव्ह्यूत रिजेक्ट झाला की आपण लगेच टॉपिक बदलायला निघतो. वर्नरने टॉपिक बदलला नाही, फक्त जागा बदलली!